दोन आखूड, एक लांब

मुश्ताकच्या लुनाचा हॉर्न असा वाजायचा:
दोन आखूड, एक लांब.
बांगड्याचा वास वळणावर पोचायच्या आधी
मांजरं गडग्यावर पोचलेली.
तुटक्या कानाचा बोका, साठ्यांची भाटी,
आणि एक पिवळं, कुणाचंच नसलेलं.
तो टोपलीवरचं फडकं सारून चार मांदेल्या भिरकवायचा.
"पालशेतचा टोल," म्हणायचा,
"भरल्याशिवाय गाडी पुढं जात नाही."

अकरावीला मी हेच शिकवते.
पुस्तकात कुत्रा आहे, घंटा आहे,
काचेच्या नळीत मोजलेली लाळ.
मुलं माना डोलावतात
आणि तास संपायच्या दोन मिनिटं आधी
दप्तरांच्या चेनी ओढतात.

गणपतीनंतर मुश्ताक कतारला गेला.
लुना घेतली खेडेकर पिग्मीवाल्यानं, हॉर्नसकट.
पहिल्या दिवशी तो वीस-वीस रुपये गोळा करत आला
आणि गडग्यावरून सात मांजरं खाली उतरली.
त्यानं बिचाऱ्यानं पिशवी उघडून दाखवली:
पावतीपुस्तक, रबरी शिक्का, पाण्याची बाटली.
मांजरांनी शिक्का हुंगला.

दुसऱ्या आठवड्यात तीन.
दिवाळीपर्यंत फक्त बोका, तोही अर्ध्या मनानं,
पंजा चाटत,
आपण सहजच बसलोय असं दाखवत.
मग तोही नाही.
याला विलोपन म्हणतात, मी वर्गात सांगितलं.
फळ्यावर उतरती रेघ काढून
शून्याला टेकवली.

पौषात एका सकाळी, कारण काहीच नाही,
हॉर्न वाजला आणि सगळी परत आली.
पिवळंसुद्धा.
यालाही पुस्तकात नाव आहे, जरा लांबलचक.
खेडेकर गाडीवर नुसता बसून राहिला.
दुसऱ्या दिवशी त्याच्या खिशात
कागदाच्या पुडीत सुका जवळा.
आता बोका दिसला की त्याचा हात आपोआप खिशाकडे जातो.
पावत्यांना वास येतो, बँकेतल्या बाई कुरकुरतात.
कोणी कोणाला शिकवलं, मी मुलांना विचारलं.
मागच्या बाकावरून आफ्रीन म्हणाली,
"बोक्यानं, बाई."

राहिले मी.
आमच्या घरात मासा शिजत नाही.
मुश्ताक आमच्या दारात कधी थांबला नाही,
थांबायचं कारणच नव्हतं.
फक्त आमच्या वळणावर
तो शेवटचा लांब, उगाच थोडा जास्त लांब.
सात चाळीस.
माझ्या वेणीचा तिसरा पेड.

आता सात चाळीसला खेडेकर येतो.
कोण आहे ते मला पक्कं माहीत असतं.
तरी बोटं थांबतात,
वेणी अर्धी राहते.
खातं मी दिवाळीनंतर उघडलं. गरज नव्हती.
पाखाडीच्या खालच्या पायरीवर उभी राहून विचारते,
"किती झाले माझे?"
तो पावती फाडतो, जवळ्याच्या वासाची.
कालच्यापेक्षा वीस रुपये जास्त.