निळ्या टोपणाची नळी

नाव: ईश्वरी दिगंबर सुतार. वय सहा.
फॉर्मवर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात
एक शब्द, वीस वर्षांत माझ्या टेबलावर कधी न आलेला:
प्लाझ्मिनोजेन.

पापण्यांच्या आत पडदा धरतो तिच्या.
कापला की महिन्याभरात पुन्हा, पहिल्याहून जाड.
'लाकडागत लागतंय हाताला,' तिचा बाप म्हणाला.
उद्यमनगरात फौंड्रीसाठी सागवानी पॅटर्न करतो तो;
लाकूड हाताला कसं लागतं
हे त्याला कुणी सांगायला नको.

रक्त नळीवरच्या रेघेपर्यंतच घ्यायचं,
थेंबभर इकडेतिकडे चालत नाही.
सुई शिरताना ती रडली असावी.
डोळे तर आल्यापासूनच गळत होते.

सेंट्रिफ्यूज थांबेपर्यंत मी त्याला समजावत होते:
गुठळी हिची वेळेवर होते,
गुडघा फुटला तर रक्तही थांबतं,
पण काम झाल्यावर ती गुठळी विरवणारं जे असतं ना अंगात,
ते कमी असावं.
त्याने जरा विचार केला.
'म्हंजे ओतकाम झालं,
पर साचा मोडायला मानूस न्हाई.'
वीस वर्षं शिकलेलं मी
नुसती मान हलवत राहिले.

एक रकाना उरला होता. नात्यातलं लग्न?
'मामाचीच पोरगी हाय की,' तो म्हणाला,
आणि बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागली.
मी 'होय' लिहिलं, होता होईल तेवढ्या लहान अक्षरात.
मग त्या दोघांच्याही नळ्या भरल्या.

प्लाझ्मा गोठवून, ड्राय आइस घालून,
थर्माकोलचा डबा ताराराणी चौकात
रात्रीच्या पुण्याच्या गाडीत क्लीनरच्या पायाशी ठेवला.
'मासं काय ओ मॅडम?'
तिथे म्हणे त्यात काहीबाही घालतात आणि रंग चढतो,
जितकं प्रथिन तितका पिवळा.
मी तो रंग पाहिलेला नाही.
आमच्याकडे आकडे येतात.

आठव्या दिवशी आले.
बाप एक्कावन्न टक्के. आई अठ्ठेचाळीस.
ईश्वरी सात.

सही करायच्या आधी मी हात धुतले, उगाचच.
बाहेर बाकावर ती बसली होती,
बापाने खिशातून काढून दिलेलं
लाकडी दातेरी चाक मांडीवर घेऊन
बोटाने दात मोजत.
अकरावर अडखळली.
पुन्हा पहिल्यापासून.