डावा कान, उजवा कान

मुहर्रकच्या ज्या गल्लीत पूर्वी
व्यापारी पितळी चाळण्यांतून मोती निवडत,
तिथल्या एका गाळ्यात आता विमानतळावरून पोती येतात.
हेडफोन. काळ्या वायरींची वेटोळी,
रात्रभर कुणाकुणाच्या कानांना लागून आलेली.
कुठं लिपस्टिक, कुठं भाताचं शीत,
एकदा तर दात निघाला. दुधाचा.

माझा मुलगा ती सोडवतो. ओजस, वय तेवीस.
ओढत नाही कधी. आधी बघतो,
मग एक टोक धरून
ज्या वाटेनं गाठ बसली
त्या वाटेनं मागं मागं जातो.
आम्ही त्याच्याशी बोलताना नेमकं उलट केलं, कितीतरी वर्षं:
टोक दिसलं की ओढलं.

मग डावा कान, उजवा कान.
यंत्रातली बाई म्हणते, यसार. यमीन.
तो मान हलवतो. पिशवी, चिकटपट्टी, पुढचा.
दिवसाला दोनशे दहा.
पलीकडच्या टेबलावर शिबूचे तीनशे होतात.

नाही, त्याला दैवी कान वगैरे नाहीत.
लोकांना तसं ऐकायला फार आवडतं
म्हणून आधीच सांगून टाकतो.
चुकतो. एका गुरुवारी नवा पंखा बसवला
तर दुपारपर्यंत टेबलाखाली बसून राहिला, कान दाबून.
बुदूरनं जुना पंखा परत लावला
आणि रोजच्या वहीत लिहिलं:
पंखा. चूक आपली.

ही बुदूर. बँकेतली खुर्ची सोडून आलेली.
तिचा धाकटा भाऊ बोलत नाही,
पण त्याच्यासाठी नाही म्हणते हे सगळं,
हिशेब जुळतो म्हणून.
जुळत नाही. भाडं थकलं की
तिच्या हातातली एक बांगडी कमी होते.
मी मोजल्यात.

आमच्या मंडळानं गणपतीत वर्गणी काढली,
चेक नेला, हार नेला, फोटोवाला नेला.
हार तिनं ठेवून घेतला.
"दया नको. दर बोला.
विमान कंपनीच्या खरेदी खात्यात
तुमच्यातलं कोण आहे?"
आमचे सबनीस एकदम
हारातली फुलं मोजायला लागले.

मी ॲल्युमिनियमच्या कारखान्यात, एकतीस वर्षं.
इथं बापाच्या व्हिसावर पोरगा जन्मभर राहत नाही.
रात्री मी नि सुमेधा कुजबुजायचो:
चिपळूणला पाठवायचा तर कुणाकडं,
आणि आपण गेल्यावर कुणाकडं.
भिंतीपलीकडं त्याला सगळं ऐकू जातं
हे ठाऊक असून कुजबुजायचो.

परवा त्याचं कार्ड आलं. स्वतःचं.
व्यवसायाच्या रकान्यात अरबीत एकच शब्द.
बुदूर म्हणाली, तपासनीस.
मी पेढे काढले. त्यानं घेतला नाही,
बोटं चिकट झालेली त्याला चालत नाहीत.
कार्डाच्या चारी कडांवरून बोट फिरवलं,
खिशात ठेवलं,
"सहा चाळीसची बस," म्हणाला
आणि गेला.
पेढे मीच खाल्ले. सुमेधा न्हाणीघरात
नळ सोडून बराच वेळ होती.

काल मी एकटाच निघालो,
त्याच्यासाठी चिपळूणला घेऊन ठेवलेल्या
दोन खोल्या विकायला.
सीटच्या खिशात बंद पिशवी. फोडली.
डावा कान. उजवा कान.
सिनेमा लावलाच नाही,
नुसतं कानाला लावून बसलो समुद्र संपेपर्यंत.

उतरताना वायर नीट गुंडाळली,
शेजारच्याचीही मागून घेतली.
तेवढाच पोराचा ताप वाचेल.
मग आठवलं:
तिथं पैसे नगावर मिळतात.
मुंबईचे दिवे दिसत होते.
हवाई सुंदरी पिशवी घेऊन यायच्या आत
दोन्ही वायरी मी
पुन्हा थोड्या गुंतवून ठेवल्या.