शिंगरू

इनास सोज बोटीवरून सुटला तो घरी जायच्या आधी
माझ्या मांडवात आला.
वैशाख. रातांबे फोडत होतो आम्ही चौघी,
कोपरापर्यंत जांभळ्या.
लुंगीत गुंडाळलेली बाटली त्याने मिठाच्या गोणीवर टेकवली,
झोपलेलं पोर ठेवावं तशी.
"ब्रिंडिसी," म्हणाला. "इटलीची टाच."
टाच माझीही फुटलीय, मी म्हटलं,
बस, आधी पाणी पी.

बुचाला उपाय नव्हता.
शिरोड्याच्या बाजारात विचारावं, तर तिन्हीसांजेपर्यंत
कांबळींच्या प्रभेने बाटली धरली असं
रेडीपर्यंत पोचलं असतं.
मग पंपाचा स्क्रू, मग पक्कड.
अर्धं बूच बाहेर आलं, अर्धं आत पडलं.

पहिला घोट स्टीलच्या पेल्यात. पेल्याचीच चव.
तो ओतला माडाच्या आळ्यात,
इनास कळवळला.
मग आगळाचा नमुना बघायचा काचेचा ग्लास काढला,
पदराने पुसला, उन्हाला धरला.

रंग मला कळतो. तीस वर्षं रंगच विकतेय.
दुसऱ्या दिवशीच्या आगळाचा हा रंग, तिसऱ्या नव्हे,
कडेला जरा जांभूळ सांडलेलं.
वासात दुपारची करवंदाची जाळी,
तिच्या मागे तिरफळ,
आणि जांभ्यावर खारं पाणी सुकताना येतं ते,
ज्याला नाव नाही.
जीभ आधी आक्रसली.
मग सैल पडली.
मग गालाच्या आतून कुणीतरी
सावकाश बोट फिरवलं.

"मीठ किती घालतात?"
"मीठ नाय गो."
"मग टिकतं कसं?"
ते त्याला ठाऊक नव्हतं. तो बोटीवरचा भंडारी,
बावीस माणसांचा भात आणि कप्तानाचं अंडं.
बंदरामागे दोरखंडाच्या दुकानात एक म्हातारी
पिंपातून ओतून देते म्हणाला,
बाटली धुऊन आपणच न्यायची.
बाहेरगावचं कुणी मागत नाही.
"तिचेय हात असेच," एवढं बोलून
आमच्या हातांकडे बघत राहिला.

नाव सुसुमानिएल्लो.
तीनदा म्हटलं तेव्हा बसलं तोंडात.
"गाढवाचां शिंगरू, म्हणान सांगला तेणी.
वेल तरणी आसताना गाढवासारखां ओझां व्हावता,
घडांवर घड.
मगे धा वर्सांनी थकता. थोडीच लागतत.
पण दारू तेव्हाच खरी."
"म्हणजे आपण आत्ता कुठे खऱ्या," सगुणा म्हणाली,
साठी उलटलेली,
आणि करंगळी बुडवून चोखली.
तिघी हसल्या, रातांबे घरंगळले.
मी हसले नाही.
म्हणजे हसले, पण नंतर, टोपल्या आत घेताना,
एकटी.

सकाळचं बांगड्याचं तिखलं उरलं होतं, उकड्या भाताशी घेतलं.
त्या तिखल्यापुढे बियर पळते.
हे उभं राहिलं
चार पाय रोवून.

निघताना इनासने सांगितलं
ही शेवटची बोट. मेडिकलला गुडघे नापास.
सांगितलं ते चप्पल शोधता शोधता,
आणि चप्पल पायातच होती.
मी त्याला शेरभर सोलं बांधून दिली. दुसरं काय देणार?

बाटलीत आता आगळ भरलंय.
कागद काढला नाही, फळीवर पुढेच ठेवते.
पुण्याची गिऱ्हाइकं थांबतात, चष्मा वर करून वाचतात,
हे कुठलं?
मी एका दमात सांगते, सुसुमानिएल्लो.
म्हणजे?
गाढवाचं शिंगरू.
ती हसतात, कोकम सरबताच्या दोन बाटल्या घेतात, जातात.

हलवली की आत अर्धं बूच फिरतं.
एव्हाना तेही
बऱ्यापैकी खारट झालं असेल.