पेन उठतंय का

टॉडमॉर्डनला कालव्याकाठी, कोळशाच्या जुन्या खोलीत
आर्नल्ड ग्रीनवुडचा लेथ आहे.
आडनावात हिरवं लाकूड, नखांत काळं.
कालिंदी त्याच्या जिभेवर बसत नाही, लिंडी म्हणतो.
कधी घाईत लेंडी ऐकू येतं.
मी हसते. तो विचारतो, काय झालं? मी सांगत नाही.

पहिल्या दिवशी हातावर ठेवला त्यानं
वीतभरही नसेल असा चौकोनी तुकडा.
"वजन बघ."
क्लॅरिनेटच्या कारखान्यात उरलेलं, आफ्रिकेतलं,
पाण्यात टाकलं तर बुडणारं.
मी वास घेतला. म्हटलं, हे आमच्या शिसवाच्या भावकीतलं.
भावकीला त्याच्याकडे शब्द नव्हता,
कझिनवर भागवलं.

मग वर्षभर मंगळवार.
भोक हळू पाडायचं, ड्रिल पुन्हा पुन्हा बाहेर घेत;
तापलं तर लाकूड आतून तडकतं
आणि वरून कळू देत नाही.
नळी बसवण्याआधी ॲसिटोननं पुसायचं,
तेलकट जात, ग्लू धरत नाही.
पटाशी टेकवायची, दाबायची नाही.
चार पेनं मी फोडली. पाचवं वाकडं.
घरी येऊन नाक शिंकरलं
की रुमालावर शाई.

काळ्या लाकडाची एक खोड आहे:
फिक्यात खपून जाणारा ओरखडा याच्यात खपत नाही.
दीडशेचा कागद, दोनशे चाळीसचा, चारशे, सहाशे,
दर वेळी लेथ थांबवून
आधीच्या कागदाचे चरे
उभ्या हातानं पुसायचे.
आर्नल्ड खिडकीशी नेऊन तिरकं धरतो.
"एक राहिलाय."
की परत दीडशे.
एकतीस वर्षं बर्नलीच्या इस्पितळात
मी रक्ताच्या काचा तपासल्या,
मला तो ओरखडा दिसायचा नाही.
मेण सगळ्यात शेवटी.
मेण लागलं की काळ्याच्या तळाशी
जांभळट काहीतरी हलतं,
रात्री आडात वाकून बघावं तसं.

गुरुवारी बाजारात टेबल.
नाव कोरून मिळेल का? नाही.
पावती? लिंडी देईल.
पेन चालतंय हे दाखवायला तो कागदावर वेटोळं काढायचा,
त्याला लागून दुसरं, तिसरं,
झरझर, ताणलेल्या स्प्रिंगसारखं.
मला वाटायचं, सवय.

नोव्हेंबरात त्याच्या बहिणीचं पत्र आलं.
"चष्मा विसरलोय. वाचतेस?"
चष्मा कपाळावर होता.
मी वाचलं. गुडघ्याचं ऑपरेशन, मांजर, नाताळला येशील का.
दोघांपैकी कुणीच वर पाहिलं नाही.
बराच वेळ काय बोलावं कळेना, तेव्हा विचारलं,
आर्नल्ड, आजवर किती पेनं केलीस?
"नऊशे बारा," तो म्हणाला.
"मोजता येतं मला."

त्याच दिवशी माझं पहिलं न तडकलेलं पेन झालं.
प्रेसमध्ये टोक बसलं, टक्.
मी कागदाच्या माथ्यावर श्री काढलं.
"हे काय?"
काही नाही, पेन उठतंय का बघतेय.
"म्हणतात काय याला?"
म्हणायचं नसतं, मी म्हटलं, नुसतं काढायचं.
चक्क खोटं.

त्यानं पेन घेतलं.
वेलांटीपासून सुरुवात केली, बाहेरून आत,
लाकूड उतरवतो तशी.
पहिलं खेकड्यासारखं. दुसरंही.
तिसऱ्याला पोट जागेवर आलं,
मग वरची रेघ, एका दमात,
रंधा मारावा तशी.

आता वेटोळी बंद आहेत.
प्रत्येक पेनाबरोबर कागदाचा कपटा जातो,
त्यावर श्री, जरा डावीकडे कललेलं.
एका बाईनं विचारलं, हे काय आहे?
"सही," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

पुढच्या मंगळवारी मी त्याच्यासमोर
एक ए काढून बघणार होते.
तसाच, काही न म्हणता, पेन उठतंय का बघायला.
कागदही काढला होता.
पण लेथचा पट्टा सुटला होता,
तो धरून उभा होता एका टोकाला,
आधी पट्टा बसवला.