दिग्दर्शकाच्या नावापर्यंत

शंकरपटाच्या दिवसांत कापल्या बांधीत तंबू लागायचा.
धानाची धसकटं टोचायची,
मी कनातीखालून आत.

आधी सर्टिफिकेट. रिळं सोळा.
मागून कोणीतरी आकडा ओरडायचं,
बायका पोरांना तेवढ्यात मुतवून आणायच्या.
मग देव, उदबत्तीचा धूर,
निर्मात्याच्या कैलासवासी वडिलांचा हारातला फोटो,
सगळी पात्रं काल्पनिक असल्याची शपथ.
हिरोचं नाव एकटं यायचं, ऐसपैस.
विनोदी नट चौघं एका ओळीत, दाटीवाटीनं.
व्हिलनच्या आधी नेहमी एक ‘आणि’.
कपडेपट. स्थिरचित्रण.
कुठल्याशा साखर कारखान्याचे आभार.

शेवटी दिग्दर्शक. नाव विरायचं,
रेल्वे थांबायची, डब्याचं दार,
पायरीवर कोणाचा तरी बूट,
आणि लटारूभाऊची बॅटरी माझ्या तोंडावर.

असे अकरा सिनेमे पाहिले मी.
बूट कोणाचा, ते मोहाखालून घरी जाताना ठरवायचं.

एका रात्री त्यानं धरलेला कान सोडलाच नाही.
जनरेटरपाशी बसवलं, बिडी पेटवली.
‘मी तं गेटावरच रायतो तवा,’ म्हणाला,
‘सुरुवातीले का रायते रे?’

मी सांगू लागलो.
रिळं सोळा.