पत्र्याची बत्तिशी

रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात
जुम्बेरच्या हातात जी कातर होती
तिला वळता येत नव्हतं.
सरळ जायची, थांबायची,
पत्रा फिरवला की पुन्हा सरळ.

आणि जॉर्जियन लिपी तर
रिळावरून सुटलेला दोरा,
तेहेतीस अक्षरं, कोपरा म्हणून कुठे नाही.

बसथांब्यांची नावं,
'क्रेनखाली उभे राहू नये',
कुस्तीच्या आखाड्याची पाटी,
सगळं त्यानं त्याच कातरीनं कापलं.
गोलाई आली की तीन घाव.
लोक म्हणायचे, जुम्बेर, तुझ्या अक्षराला वळण नाही.
तो म्हणायचा, लांबून वाचता येतं का ते बोला.

आता त्याची लेक माक्वाला
तिबिलिसीत चौथ्या मजल्यावर, हीटर पायाशी ओढून,
त्या पाट्यांचे फोटो पडद्यावर ताणून बसते.
जाड रेघ आणखी जाड करते.
काळ्याला किती खाऊ घालायचं
आणि पोटातल्या पांढऱ्यानं कुठवर दम धरायचा,
एवढाच हिशेब, रात्री दोनपर्यंत.
सांध्यात बारीकशी खाच ठेवते.
छपाईवाला गोचा सांगून गेलाय,
शाई आळशी असते, कोपरा दिसला की बसते.

बत्तीस झाली. एक राहिलं.
गळ्याच्या तळातून घासत येणारं,
त्यांच्या भाषेत वाइनची सुरुवात करणारं.
बापानं ते पत्र्यात कधी केलंच नाही.
दारूच्या दुकानावर बाकीची चार कापली,
हे ब्रशनं रंगवलं, तांबडं, गोल.
उन्हानं रंग गेला. सतरा वर्षं गिऱ्हाईक
नसलेलं अक्षर वाचून आत जातंय.

का नाही कापलंत?
कापलं की, म्हणाला. तीनदा.
तिन्ही वेळा कुलूप झालं.
दारात कुलूप टांगून दारू खपते का?

तिचंही कुलूपच झालं, अठरा रात्री.
एकोणिसाव्या रात्री तिनं तिथे
एक वळण राहू दिलं,
अंगठ्याच्या पेराएवढं.

फाँट खपला.
कुस्तीच्या पोस्टरवर, पैलवानाच्या मानेइतका रुंद.
मिनीबसच्या काचेवर, टायरच्या दुकानावर.
संपाच्या पुठ्ठ्यावर कुणी हातानंच गिरवला,
बर्फात भिजून लिबलिबीत झाला तरी ओरडत होता.
एका लग्नपत्रिकेवर पडला,
आमंत्रण की जप्तीची नोटीस, पाहुण्यांना कळेना.
खोकल्याच्या बाटलीवर, आठ पॉइंटात,
नुसती मुंग्यांची रास.
माक्वालानं औषधवाल्यांना फोन केला,
अहो, हा मोठ्यानं बोलणारा माणूस आहे,
त्याला कुजबुजायला का लावता?

काल एका वाइन कंपनीनं कळवलं,
पहिलं अक्षर बाकीच्यांत बसत नाही,
चूक दुरुस्त करून पाठवा.
तिनं बिल पाठवलं.