जंगलाच्या घडीत

रात्रीच्या नाटकाला मी तिसऱ्या रांगेत होते.
राजवाडा वर गेला, जंगल खाली आलं,
खाली येता येता अडकलं मधेच.
लोकांनी शिट्ट्या मारल्या, मीही हसले.
दोरीशी निताराम नव्हता
हे मला सकाळी कळलं,
तो माझ्याच टेबलावर आडवा झाला तेव्हा.

वडसा, ग्रामीण रुग्णालय, खोली नंबर चार.
"सदरा काढ," म्हटलं, तर बाही निघेना.
डावं मनगट फुगून काळं-जांभळं,
मधे दोन टिंबं,
सुई टोचून दोरा राहून गेल्यासारखी.
तिथं चिमटा लावता येत नव्हता,
मी तो दंडावर सरकवला.

"कांतीण चावली जी मॅडम.
परवा पेटी उघडली तं जंगलाच्या घडीत बसून होती.
हात दुखला, दुखला, मंग थांबला.
आता येथी दुखते."
येथी म्हणजे जिथं मी थंडगार जेली लावत होते
आणि एकेक रबरी फुगा चिकटवत होते, सहा.

भावानं तिला खर्र्याच्या पन्नीत आणलेलं.
सुपारीच्या चुऱ्यात चेपलेली.
पाय मोजले, सहाच भरले.
खोब्रागडे मॅडमनी पन्नी उजेडात धरली,
उलटी केली, पुन्हा धरली.
सापाची लस फ्रीजमध्ये आहे,
विंचवाच्या गोळ्या कपाटात आहेत,
हिचं नावच कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मग मशीनने कागद सोडला.

अकरा वर्षं मी ही रेघ पाहते.
उडी मारून खाली आल्यावर ती जमिनीला टेकते,
दम घेते, मग पुढची टेकडी चढते.
ही टेकेचना.
अधांतरीच चालली, आणि धावत चालली.
असे कागद मी काढलेत
साठीच्या, बिडीवाल्या, साखरवाल्या माणसांचे.
याचं वय मी रकान्यात लिहिलं, सव्वीस,
आणि पेन तिथंच थांबलं.

"नस बंद नाही वाटत," मॅडम म्हणाल्या,
बहुतेक स्वतःलाच.
"विष मांसात उतरलंय. काळजाच्या मांसाला सूज."
फोनवर नागपूरचे सर दोनदा विचारत होते,
कोळी? नक्की कोळी?
मॅडम पन्नीकडे बघून म्हणाल्या, होय सर.
नक्की नव्हतं काहीच.
नक्की होती ती ओठांची निळाई
आणि उशी उंच केली तरी न पुरणारा श्वास.

एकशे आठ आली.
स्ट्रेचर उचलताना त्यानं माझी ओढणी धरली.
मला वाटलं, घरचं काही सांगेल.
"आज आरमोरीले खेळ हाय जी.
पडदा कोन वढल?"

वैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत सायरन ऐकू येत होता,
की मला तसं वाटलं.
पन्नी टेबलावरच राहिली. दुपारी शेवंताबाईनं झाडून काढली.

शिमग्यानंतर आला तो,
अंगावर तोच सदरा, आत माणूस कमी.
पंप निम्म्यावर आला होता म्हणे,
आता सरकलाय थोडा वर, गोळ्या चालू.
दोरी बंद, ओझं बंद.
कंपनीनं गेटवर बसवलं, तिकिटं फाडतो.
"पडदा पडते तवा तिकून आवाज येते नुसता," म्हणाला.
नवा पोरगा घाई करतो. राजवाडा भुईवर आपटतो.

मी फुगे लावले. मनगटावर आता वाटाण्याएवढा खळगा.
रेघ टेकत होती जमिनीला.
फक्त शेवटची टेकडी काही ठिकाणी उलटी,
विहिरीत पडलेल्या सावलीसारखी.
त्यानं बोट ठेवलं नेमकं तिथंच.
"हे उलटं काऊन?"

होईल सरळ, म्हणायचं होतं.
"राहतं कधी कधी," म्हटलं.
"आणि हा कागद उन्हात ठेवू नको, पुसून जातो.
झेरॉक्स काढून घे."

तो हो म्हणाला.
कागद दोन्ही टोकांना धरला,
एकदा झटकला जोरात,
आत काही नाही ना बघितलं,
मग घडी घातली.